रविवारी साडेसातचा डाव: लांबच्या कुटुंबाने फोनवर एकत्र कसं खेळावं

आमची माणसं तीन ठिकाणी आहेत. आई-बाबा मिरजेत, मी पुण्यात, दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुलं न्यू जर्सीत. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा आणि दर रविवारी तो सारखाच व्हायचा. जेवलात का, थंडी किती आहे, गोळ्या घेतल्या का. सहाव्या मिनिटाला पुतण्या कॅमेऱ्यातून गायब, आठव्या मिनिटाला "बरं मग, ठेवू?". माया कमी नव्हती, विषय संपले होते. गेलं दीड वर्ष त्याच वेळेला आम्ही फोनवर लुडो खेळतो आणि कॉल सव्वा तास चालतो. गंमत म्हणजे त्या सव्वा तासात लुडोबद्दल फार कमी बोलणं होतं.

हा लेख घरातल्या त्या एका माणसासाठी आहे, ज्याला बाकीचे म्हणतात, "तुला फोनमधलं कळतं, तू बघ." काय काय बघायचं ते क्रमाने सांगते.

आधी खेळ ठरवा

नियम एकच: घरात ज्याचा अंगठा स्क्रीनवर सगळ्यात अडखळतो, त्याला जमेल तोच खेळ. मुलांना विचारून निवडलात तर पहिल्याच रविवारी बोजवारा उडेल. आमचा उडाला. पुतण्याच्या हट्टाखातर आम्ही अंतराळयानात लपलेला खुनी ओळखायचा खेळ घेतला. तिसऱ्या मिनिटाला बाबा मारले गेले. "मी मेलो, आता पुढे काय करायचं?" असं ते कॉलवर चार वेळा विचारत राहिले, आणि खुनी पुतण्याच होता हे त्याच्या हसण्यावरून सगळ्यांना कळलं. डाव तिथेच संपला.

लुडो घेतला कारण तो कुणाला शिकवावा लागला नाही. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर येत नाही, दुसऱ्याची मारली की आणखी एक दान मिळतं, हे आईला माझ्या आधीपासून ठाऊक. हा खेळ मुळात आपल्याच पचिसीचा वंशज. अकबराच्या फतेहपूर सिक्रीत अंगणाच्या फरशीवर आखलेला पचिसीचा पट आजही दाखवतात. इंग्रजांनी तो सोपा करून, कवड्यांच्या जागी फासा घालून 1896 मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि लुडो म्हणून आपल्यालाच परत विकला. फोनवरचा लुडो किंग मात्र इथलाच, नवी मुंबईतल्या गेमशन कंपनीने 2016 मध्ये आणलेला. 2020 च्या लॉकडाउनमध्ये तो घराघरांत पोचला, त्यामुळे तुमच्याही घरी कुणीतरी तो खेळून सोडून दिला असेलच.

लुडोचा मोठा गुण म्हणजे तो संथ आहे. चौघांच्या डावात तुमची पाळी येईपर्यंत तीन माणसांचं दान पडायचं असतं. तेवढ्या वेळात "अगं, त्या कुलकर्णी काकू भेटल्या होत्या" हे सांगून होतं. ज्या खेळात डोळे सतत स्क्रीनवर खिळवून ठेवावे लागतात तो मुलांना प्यारा असेल, पण त्यात कुलकर्णी काकूंना जागा नाही.

मोठ्यांचा फोन हातात घेऊन तयार करा

हे काम लांबून सांगून होत नाही. सणाला घरी गेलात की अर्धा तास काढा. मी गणपतीत केलं, आरतीनंतर, मोदक पचेपर्यंत.

पहिलं, फोनमध्ये जागा करा. आईच्या फोनवर सुप्रभातची हजारभर चित्रं होती. ती तिच्या देखत आणि तिला विचारून काढा, नाहीतर पुढे सहा महिने ऐकून घ्यावं लागतं.

दुसरं, ॲप उतरवताना नावाखालचं कंपनीचं नाव वाचा. मुकुट आणि फासा असलेली, नावात लुडो असलेली डझनावारी ॲपं दिसतात. खेळ उघडल्यावर फेसबुकने आत यायला सांगतो. गरज नाही, पाहुणा म्हणून म्हणजे गेस्ट म्हणून खेळता येतं. संपर्कयादी, फोटो वगैरे मागितलं तर नाही म्हणा. खेळाडूचं नाव मात्र नीट टाका. आमच्याकडे पहिल्या दिवशी तीन जण 'गेस्ट' होते आणि कुणाची सोंगटी कुणी मारली यावरून वहिनी आणि आईत उगाच दोन मिनिटं शांतता पसरली.

तिसरं, स्क्रीन आपोआप विझायची वेळ वाढवून ठेवा. तीस सेकंदांवर असली तर पाळीची वाट बघता बघता फोन काळा होतो आणि आई समजते की आपण हरलो.

चौथं, प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करा. आयफोनवर हेच स्क्रीन टाइममध्ये मिळतं. ही पायरी गाळू नका. मी पुण्यातल्या माझ्याच फोनवर गाळली होती. सुट्टीत आलेल्या भाच्याने एका खेळातली हिऱ्यांची पेटी उघडली आणि माझे 799 रुपये गेले. त्याला ते हिरे फुकटच वाटले होते, आणि दिसतही तसेच होते.

रंग निवडता येत असेल तर वयस्कर माणसाला लाल किंवा निळा द्या. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना पिवळी सोंगटी पांढऱ्या घरांवर दिसत नाही. बाबा दोन डाव दुसऱ्याचीच सोंगटी दाबत बसले आणि फोन बिघडलाय म्हणाले, तेव्हा हे लक्षात आलं.

सराव एकाच फोनवर

लगेच ऑनलाइन उडी मारू नका. ऑनलाइन डावात प्रत्येक पाळीला ठरावीक सेकंद असतात, आणि ती घटत जाणारी रेघ बघून भल्याभल्यांचा हात थरथरतो. बहुतेक लुडो ॲपमध्ये एकच फोन हातोहात फिरवून खेळायची सोय असते, तिला 'पास अँड प्ले' असं काहीतरी म्हणतात. जेवणाच्या टेबलावर फोन मधे ठेवा आणि दोन डाव तसे खेळा.

यात दोन गोष्टी सवयीच्या करायच्या. फासा दाबायचा, मग थांबून आकडा बघायचा, मग सोंगटी दाबायची. आई फासा दाबून सोंगटी आपोआप जायची वाट बघायची. आणि हलवण्याजोगी एकच सोंगटी असेल तेव्हा बऱ्याचदा ती खरंच आपोआप जाते, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. "मी कुठे हलवली? ही आपली आपणच गेली!" हे वाक्य तुमच्याही घरी ऐकू येणार. समजावत बसू नका, चौथ्या डावाला तिचं तिलाच उमगतं.

दुसरी गोष्ट जाहिरात. डाव संपला की पूर्ण पडदाभर काहीतरी नाचायला लागतं आणि बंद करायची फुली कोपऱ्यात, तिळाएवढी, तीही पाच-दहा सेकंदांनी उगवते. आईला मी एवढंच सांगितलं, "जाहिरात आली की हात मांडीवर. फुली दिसली की मगच बोट." चुकून दाबलं गेलं आणि भलतंच ॲप उघडलं तर मागे यायचं, काही उतरवायचं नाही. हा वाक्प्रचार आता घरात रुळलाय. बाबा टीव्हीवर बातम्या लागल्या तरी "हात मांडीवर" म्हणतात.

वेळ भारताच्या घड्याळाने बांधा

परदेशातलं माणूस डावात असेल तर हे नीट करा. न्यू जर्सी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. तिकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात म्हणजे त्यांचे सकाळचे दहा किंवा नऊ. पहिल्या नोव्हेंबरात दादा त्याच्या दहाला आला, आमचे साडेआठ झाले होते. आई तासभर फोन धरून बसली होती. तेव्हापासून ठरलं: साडेसात ते मिरजेचे, अमेरिकेने आपलं बघावं. लंडन किंवा दुबईची माणसं असतील तर फरक कमी. दुबई तर दीडच तास मागे.

रविवार सकाळ चालेल का, असं बरेच जण विचारतात. आपले सकाळचे साडेआठ म्हणजे तिकडे शनिवारी रात्रीचे दहा-अकरा. मोठ्यांचं जमतं, पण मुलं झोपलेली असतात, आणि मुलं नसतील तर आजीला खेळण्यात रस नाही.

प्रत्यक्ष डाव

कॉल आधी, खेळ नंतर. हा क्रम उलटा केलात तर जो अडकला त्याला मदत कशी करणार? आम्ही व्हॉट्सॲपवर ग्रुप कॉल लावतो, त्यात 32 माणसं मावतात, म्हणजे आत्या-मावश्या धरूनही जागा उरते.

आता खरी अडचण. एकाच फोनवर व्हिडिओ कॉल आणि खेळ दोन्ही चालवले की कॉलची चौकोनी खिडकी पटावर येऊन बसते, नेमकी आपल्या सोंगट्यांवर. यावर उपाय प्रत्येक घरात कपाटात पडलेला असतो: जुना फोन. मिरजेत आईचा जुना फोन, काच तडकलेला, वायफायवर कॉलपुरता ठेवलाय. तो साखरेच्या डब्याला टेकवून उभा करतात आणि नवा फोन खेळायला हातात. जुना फोन नसेल तर कॉल नुसता आवाजाचा ठेवा. खेळातच आवाजाने बोलायची सोय असेल तर ती बंद करा, नाहीतर एकाच वाक्याचे तीन प्रतिध्वनी येतात. एका खोलीत दोघे खेळत असतील तर कॉल एकाच फोनवर.

आणि चार्जर. साडेसातला फोन भरलेला हवा. व्हिडिओ कॉल बॅटरी कशी खातो हे कळायला आम्हाला दोन अर्धवट डाव लागले.

मग एक जण खोली उघडतो: मित्रांसोबत खेळायचा पर्याय, त्यात नवी खोली, खेळाडू किती ते निवडायचं. किती नाण्यांचा डाव असं विचारलं तर सगळ्यात लहान आकडा दाबा. ती नाणी खेळातलीच आहेत, पण संपली की मुलं जाहिराती बघून मिळवत बसतात. खोलीचा कोड येतो. तो तोंडी सांगू नका. "बी की डी? डब्यातला की ढगातला?" यात पाच मिनिटं जातात. ग्रुपवर पाठवा आणि बाकीच्यांनी तो तिथून उचलून खोलीत शिरायच्या चौकटीत टाकावा. आईला कॉपी-पेस्ट जमत नव्हतं. ती कोड पाटीवर खडूने लिहून घ्यायची आणि बघून टाकायची. तेही चालतं.

अनोळखी लोकांशी खेळायचं बटण अगदी शेजारीच असतं. एकदा आई चुकून तिथे गेली आणि कुठल्या कोण तिघांना हरवून आली, आम्ही इकडे खोलीत वाट बघत. तिला मजा आली, पण मुलांच्या बाबतीत तो दरवाजा बंदच ठेवा. कोड असलेली खोली म्हणजे आपलं घर, बाकी सगळं बाजार.

घरचे नियम

ॲपचे नियम ॲप पाळतं. बाकीचे तुम्ही ठरवा, आणि पहिल्याच भांडणाच्या आधी.

आमच्याकडे धाकटी पुतणी, वय सहा, लिंबूटिंबू आहे. तिची सोंगटी मारता येत असेल आणि दुसरीही चाल असेल तर दुसरी खेळायची. ॲपला हे कळत नाही, आपल्याला कळतं. सातव्या वाढदिवसाला ही सवलत संपणार असं तिला लेखी दिलंय. थोरला मात्र अकराचा, त्याला कसलीच सूट नाही, आणि त्याला तसंच हवंय.

कुणाला दार उघडायला जायचं असेल, दूध उतू जात असेल, तर 'टाइमप्लीज' म्हणायचं आणि शेजारच्याने त्याचं दान टाकायचं. बऱ्याच ॲपमध्ये काही पाळ्या सलग चुकल्या की खेळाडूला बाहेर काढतात, म्हणून ही तजवीज. मिरजेत आईचा फासा बाबा टाकतात. त्यांनी सहा टाकला तर श्रेय कुणाचं, हा वाद अजून मिटलेला नाही. सारीपाटात म्हाळसेशी हरून खंडोबाला बारा वर्षं घर सोडावं लागलं म्हणतात, आमचं त्या मानाने बरं चाललंय.

'फोन लबाडी करतो' हा आरोपही येणार. दहा-दहा दानं पडूनही सहा येत नाही तेव्हा कुणाचंही डोकं फिरतं. त्यासाठी हा हिशेब जवळ ठेवा. खऱ्या, प्रामाणिक फाशावरही एका माणसाला पहिल्या दहा दानांत एकही सहा न पडण्याची शक्यता सुमारे 16 टक्के असते. चौघे खेळत असाल तर कुणा ना कुणावर ही पाळी येण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त. म्हणजे दर दोन डावांत एक जण रडकुंडीला येणारच, त्यात फोनचा काही दोष नाही. पुतण्याने हे वहीत करून बघितलं. आईने हिशेब पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाली, "असेल, पण ते नेहमी माझ्यावरच का?"

पैशाची गोष्ट

घरच्या खेळात खरे पैसे नकोत, पाच रुपयेसुद्धा नकोत. 'खेळा आणि जिंका' म्हणणारी पैशांची लुडो, रमी यांची ॲपं वेगळी असतात, नावं मात्र मिळतीजुळती. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आहे. नुसत्या करमणुकीच्या खेळांवर नाही. तरी 'तुम्ही बक्षीस जिंकलात, ओटीपी सांगा' असे फोन येतात. मोठ्यांना एकच सांगून ठेवा: आपला खेळ कधीच कुणाला फोन करत नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये, लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा.

लुडोचा कंटाळा आला की

येतोच. आम्हाला चौथ्या महिन्यात आला.

पत्ते खेळणाऱ्या घरांसाठी मेंढीकोटची ॲपं आहेत. जोडीने खेळायचा खेळ असल्याने सासू-सून एका बाजूला घालता येतात. कॅरमचीही आहेत, पण काचेवर बोट ओढून मारायच्या फटक्याला लाकडी पाटावरच्या बोरिक पावडरची सर नाही. बाबांनी एकदा खेळून फोन परत दिला.

चित्र काढून शब्द ओळखायचा स्क्रिबल हा खेळ ब्राउझरमध्ये चालतो, काही उतरवावं लागत नाही. त्यात स्वतःची शब्दयादी घालता येते. आम्ही पुरणपोळी, रिक्षा, पाटावरवंटा, शेजारच्या काकूंची मांजर असले पन्नास शब्द रोमन लिपीत घातले. वडा व्ही घालून लिहायचा की डब्ल्यू, हे आधी ठरवा, नाहीतर बरोबर ओळखूनही गुण मिळत नाहीत. अमेरिकेतल्या मुलांना पाटावरवंटा माहीत नव्हता. आईने तो काढायचा प्रयत्न केला, ते पाणघोड्यासारखं काहीतरी झालं, मग ती उठली आणि माळ्यावरून खराखुरा उतरवायला बाबांना सांगितला. त्या रविवारी पुढे खेळ झालाच नाही.

आणि बुद्धिबळ. हे सगळ्यांचं नाही, पण दोघांचं छान होतं. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा पुतण्याने आजोबांना विचारलं, "तुम्हाला येतं?" बाबांना चाळीस वर्षांत कुणी न विचारलेला प्रश्न होता तो. लिचेस नावाचं ॲप पूर्ण मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत, आणि एका चालीला एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत वेळ देता येतो. घड्याळ जुळवायची भानगडच नाही. दोघांनी खाती काढली. बाबा सकाळच्या चहाबरोबर घोडा हलवतात, तो शाळेतून आल्यावर उंट. एक डाव पाच आठवडे चालला. मधल्या काळात बाबा जेवताना ताटात भाताच्या शितांनी हत्ती कुठे आहे ते मांडून बघायचे.

नेट बंद पडलं तर? कॉल नुसता आवाजावर आणा आणि गावांच्या भेंड्या लावा, नाहीतर कागद घेऊन नाव-गाव-फळ-फूल. त्याला कुठलंच ॲप लागत नाही.

खोलीची किल्ली हस्तांतरित करा

पहिले दोन-तीन महिने खोली तुम्ही उघडाल, कोड तुम्ही पाठवाल. पण तुम्हीच यजमान राहिलात तर ज्या रविवारी तुम्ही लग्नाला जाल त्या रविवारी डाव होणार नाही. म्हणून ते काम हळूहळू मोठ्यांकडे द्या. आईला मी पायऱ्या कागदावर लिहून दिल्या, प्रत्येक बटणाचा रंग आणि जागा सांगून, आणि तो कागद फ्रिजला चिकटवला. पहिल्यांदा तिने सहाजणांची खोली उघडली आणि आम्ही चौघेच होतो. दुसऱ्यांदा कोड ग्रुपऐवजी दूधवाल्याला गेला. तिसऱ्या रविवारी जमलं.

आता खोली तीच उघडते. आणि बरोबर सात वाजता ग्रुपवर तिचा मेसेज येतो: सगळ्यांनी फोन चार्जिंगला लावा.